चौथी काच

गावच्या पाण्याच्या टाकीच्या खांबावरच्या भेगेवर चिकटवलेल्या काचपट्टीची कड हिरवट होती. तेजश्रीने लावलेल्या काचेची कड पांढरी होती.

इंजिनिअरिंग कॉलेजच्या उन्हाळी संशोधनासाठी ती बारामतीहून लासुर्ण्याला येत असे. भेग वाढली तर काच तडकेल, असं कॉलेजातल्या सरांनी सांगितलं होतं. महिनाभर काच शाबूत दिसली, म्हणून टाकी रिकामी करायला सांगणं ती पुढं ढकलत राहिली. टाकीच्या सावलीत अंगणवाडीची पोरं खेळत होती.

"आबा, ही काच कुणी बदलली?"

"मीच की," गावाला पाणी सोडणारे झुंबरआबा हसले. "सारखी फुटती बग. सर तुला बोलतील म्हून नवी लावतो. ही चौथी हाय."

वर टाकीत पाणी पडत होतं. दोघांच्या देखत काच बारीक आवाज करून तडकली.

"आबा, पोरांना लांब न्या. टाकी आत्ताच रिकामी करायची."