नोव्हेंबरात परत आलेलं फावडं

नोबुए त्या वर्गाला गेली ती काही समाजसेवेच्या ओढीने नव्हे. शेजारची इनेको एकटी जायला लाजत होती आणि दुपारचं जेवण नगरपालिकेकडून होतं. सहासष्टाव्या वर्षी शाळेत बसायचं तर निदान फुकटचा डबा तरी हवा, असा तिचा सरळ हिशोब.

वर्ग होता दुसऱ्याचं मनातलं ऐकून घ्यायला शिकण्याचा. जपानच्या उत्तरेकडच्या अकिता प्रांतातल्या डोंगराळ गावांतली म्हातारी माणसं स्वतःच्या हाताने जीव संपवतात, देशातल्या इतर भागांपेक्षा जास्त संपवतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यावर सगळे मिळून मूग गिळून बसले होते. त्यावर उपाय म्हणून आरोग्य केंद्राने मिहो नावाची एक तरुण परिचारिका पाठवली. तिने सभागृहात दर मंगळवारी चहा सुरू केला. कुणीही यावं, धुरावलेल्या मुळ्याचं लोणचं कुरकुर खावं, गप्पा माराव्यात. त्यातल्याच चार खमक्या बायका हेरून तिने हा वर्ग भरवला.

"गावात सगळ्यांची पोटं बिघडली तर आपण नुसत्या गोळ्या वाटतो का?" मिहो म्हणाली. "विहीर बघतो. तसंच हे आहे. एकट्यादुकट्या माणसाचा दोष काढत बसायचं नाही. अख्ख्या गावाला थोडं थोडं बघता आलं पाहिजे."

इथवर ठीक होतं. पुढे ती म्हणाली, "आणि शंका आली की सरळ विचारायचं. मरायचा विचार येतो का?"

चारही बायका चहाच्या पेल्यात बघायला लागल्या.

"विचारल्याने कुणाच्या डोक्यात ते शिरत नाही," मिहो म्हणाली. "उलट, कुणीतरी विचारलं म्हणून हायसं वाटतं. अभ्यास झालेत यावर."

"अभ्यास टोकियोच्या लोकांवर झाले असतील," नोबुए म्हणाली. "आमच्याकडे शेजाऱ्याला तब्येत कशी आहे विचारलं तर तो म्हणतो, तुमच्या कृपेने. पाय मोडलेला असला तरी माझ्या कृपेने!"

हे मात्र खरं होतं. विद्यापीठाची मंडळी प्रश्नावली घेऊन आली तेव्हा सगळ्या गावाने प्रत्येक प्रश्नाला मधल्या चौकोनात खूण केली होती. अगदी टोकाचं उत्तर देऊन पाहुण्यांना अवघडवायचं कशाला?

मग जोड्या करून सराव झाला. इनेकोने नोबुएसमोर गुडघे टेकले, घसा साफ केला आणि म्हणाली, "नोबुएसान, तुम्हाला मरा... मरा... मुरांबा आवडतो का?" बायका हसून हसून लोळल्या. मिहोही हसली, पण हसू ओसरल्यावर तिने पुन्हा म्हणायला लावलं, पुन्हा, पुन्हा. नोबुएने ते वाक्य धडपणे एकदाही म्हटलं नाही. घरी जाताना ती इनेकोला म्हणाली, "मी ऐकेन हवं तेवढं. विचारायचं काम तुझं."

हे झालं उन्हाळ्यात. शरद आला, आणि शोझोसान वस्तू परत करायला लागले.

शोझोसान नोबुएच्या वरच्या वळणावर राहायचे. जुने सुतार, अठ्ठ्याहत्तरीचे, बोलायला कंजूस. बायको फुमी आदल्या वर्षी गेली होती. तिच्या हयातीत त्या घरात गावातली निम्मी भांडी मुक्कामाला असायची. ती आता एकेक करून बाहेर पडू लागली. इनेकोचं पातेलं घासूनपुसून आलं, आत चेस्टनट भरलेले. देवळाच्या भटजींची करवत धार लावून आली. कुणाची छत्री, कुणाची बरणी, कुणाचा लोणच्यावर ठेवायचा दगड. रिकामं भांडं परत करायची रीत आमच्याकडे नाही, तेव्हा प्रत्येकाबरोबर काही ना काही खाऊ होताच.

मंगळवारच्या चहाला सगळे शोझोसानवर खूश होते.

"माणसाने असं असावं बघा," इनेको म्हणाली. "सगळं आवरून, निरवानिरव करून. मागे राहणाऱ्यांना त्रास नको. आमचे हे गेले तेव्हा फडताळातून अख्ख्या गावाच्या छत्र्या निघाल्या. मी महिनाभर लोकांपुढे वाकून वाकून माफी मागत होते."

"शोझोसान म्हणजे जुन्या वळणाचा माणूस," नोबुएने री ओढली. तिला आपला दगड परत मिळाल्याचा आनंदच झाला होता. फुमीने नेलेला तो दगड, नोबुएने त्याच्यावर पाणी सोडलं होतं.

नोव्हेंबर लागला. दूरच्या शिखराने त्या सकाळी पांढरी टोपी घातली होती. नोबुए अंगणात मुळे सुतळीत ओवत बसली होती, तेवढ्यात शोझोसान वळणावरून खाली येताना दिसले. पुढे ढकलत आणत होते ते बर्फ लोटायचं मोठं फावडं. दोन हातांनी रेटायचं, पुढे अख्खी पाटी असलेलं. दोन हिवाळ्यांपूर्वी त्यांचं मोडलं म्हणून नोबुएने दिलं होतं. तिला मुलाने यंत्र घेऊन दिलं, तेव्हापासून तिला त्याची आठवणही नव्हती.

"फार दिवस ठेवून घेतलं," शोझोसान म्हणाले. फावड्याला तेलपाणी झालं होतं, मुठीला नवं कापड गुंडाळलं होतं. वर सुकवलेल्या पर्सिमॉन फळांची पिशवी.

"अहो, कशाला इतकं!"

"छे छे, किरकोळ आहे."

"नको हो, मला लाजवताय."

"घे गं, घरात पडून राहतील."

रीतीप्रमाणे तिसऱ्या आग्रहाला नोबुएने पिशवी घेतली, दोघं वाकली, शोझोसान हलके हलके चढण चढून गेले. नोबुएने फावडं पडवीत टेकवलं, एक पर्सिमॉन तोंडात टाकलं आणि पुन्हा मुळा हातात घेतला.

आणि तिचा हात सुतळीवरच थांबला.

बर्फाचं फावडं नोव्हेंबरात कोण परत करतं? ते परत करायचं एप्रिलमध्ये. इथे दोन दिवस छपरावरचं बर्फ ओढलं नाही तर तुळया कुरकुरायला लागतात. फावडं देऊन टाकणारा माणूस हिवाळा कसा काढणार?

तिने इनेकोला फोन लावला. "शोझोसाननी नवं फावडं घेतलंय का गं?"

"मला काय ठाऊक? सेंदाईला मुलाकडे जात असतील."

नोबुएचा जीव भांड्यात पडला. मुलाकडे! बरोबर. मग आठवलं, की मुलाकडे जाणारा माणूस आठ दिवस आधी गावभर सांगत फिरतो. आणि शोझोसान लोणच्याचा दगडही देऊन बसले होते. म्हणजे या हिवाळ्यात लोणचं नाही, बर्फ नाही. आणि आपण सगळ्यांनी मिळून त्यांचं कौतुक करत चहा प्यायला होता. तिला स्वतःचीच अशी चीड आली की मुळा तिने टोपलीत आपटला.

रिकाम्या हाताने जाणं बरं दिसेना, म्हणून चार जाडजूड मुळे काखोटीला मारून ती वर गेली.

दारात पुन्हा नको-नको, घ्या-घ्या झालं. आत घर इतकं स्वच्छ की पाऊल टाकायला भीती वाटावी. शेल्फवर एकच कप. फुमीच्या तसबिरीपुढे ताजा भात होता. शोझोसाननी तोच कप नोबुएला दिला आणि स्वतः भाताच्या वाडग्यातून चहा प्यायले.

"थंडी लवकर पडली यंदा," नोबुए म्हणाली.

"पडली."

"रातकिडेही लवकर गेले."

"गेले."

"शोझोसान, तुम्हाला... तुम्हाला मुळा आवडतो का?"

"सत्तर वर्षं खातोय."

ती खोकला, भटजींचा गुडघा, सरकारची धोरणं असं सगळं फिरून आली. ते एक वाक्य तेवढं टाळत राहिली. इतक्या वर्षांच्या शेजाऱ्याला असं विचारायचं? त्यांनी अपमान मानला तर? उद्यापासून वळणावर तोंड कसं दाखवायचं? शेवटी ती उठली, निरोप घेतला आणि उंबऱ्याच्या पायरीवर बसून बूट घालू लागली. शोझोसान पाठीमागे उभे होते. त्यांचं तोंड दिसत नव्हतं, म्हणून असेल, पण एक बूट पायात गेला आणि वाक्य बाहेर पडलं.

"शोझोसान, तुम्ही मरायचा विचार करताय का?"

नोबुएला वाटलं, झालं, आता आयुष्यभराचं बोलणं संपलं.

"तुला कोणी सांगितलं?" शोझोसान म्हणाले.

"फावड्याने."

पाठीमागे चटईवर मटकन बसल्याचा आवाज आला.

"हो," ते म्हणाले.

नोबुए एका बुटावर तशीच लंगडत वर आली. बूट काढायचं भान तिला नव्हतं, आणि चटईवर बूट बघूनही शोझोसान काही बोलले नाहीत. इतकं विपरीत त्या घरात पूर्वी कधी झालं नसेल.

"छपरावर मी असायचो आणि खालून फुमी ओरडायची," ते म्हणाले. "डावीकडे बघा, पाय सांभाळा. आता खांदा वर होत नाही. गेल्या साली खालच्या वाडीच्या पोरांनी येऊन छप्पर मोकळं केलं. दरसाल कोणाकोणाला त्रास द्यायचा? बर्फ पडायच्या आत आवरलं तर कुणाची अडचण नाही."

"त्रास?" नोबुएचा पारा चढला. "त्रास म्हणे! आणि तुम्ही गेलात तर आम्ही काय पर्सिमॉन खात बसायचं?" मग तिला मिहोचा चेहरा आठवला. रागवायचं नाही, उपदेश करायचा नाही, ऐकायचं. तिने ओठ घट्ट मिटले. जन्मात तिला इतकं अवघड काही गेलं नव्हतं.

शोझोसान बोलत राहिले. गावात कुणी त्यांची चार वाक्यं सलग ऐकली नव्हती, त्या दुपारी त्यांनी वर्षभराचं सगळं काढलं. रात्री अंथरूण एकच घालायचं, भात दोघांचा लावायचा आणि मग टाकून द्यायचा. फुमीचा आवाज आठवायला गेलं की फक्त ओरडणंच आठवतं. चहा थंड झाला. नोबुए फक्त हं म्हणत होती, आणि मधूनच डोळे पुसत होती, कारण तिच्याने राहवेना.

"आज तुम्ही एकटं राहायचं नाही," शेवटी ती म्हणाली. "मी मिहोला फोन करते. चालेल ना?"

"तिला त्रास कशा..."

"शोझोसान!"

"कर," ते म्हणाले.

मिहो उजेड असतानाच आपल्या खेळण्याएवढ्या गाडीतून आली. घाबरली नाही, गहिवरली नाही. तिने तेच प्रश्न सरळ, शांतपणे पुन्हा विचारले. घरात जे हाताशी नको होतं ते शोझोसाननी स्वतःच काढून तिच्या हवाली केलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे न्यायचं ठरलं, मुलाला सेंदाईला फोन गेला. तो पोचेपर्यंत इनेको आणि नोबुए दोघी गाद्या घेऊन तिथेच मुक्कामाला आल्या. विधुराच्या घरी दोन विधवा! गावाला हिवाळाभराच्या गप्पांची शिदोरी मिळाली.

"माझी अब्रू गेली," शोझोसान म्हणाले.

"आमची काय राहिली?" इनेको गादी पसरत म्हणाली. "सरका जरा तिकडे."

मुलगा आला, बापाजवळ बसून रडला, आठवडाभर राहिला. डॉक्टरांनी औषध दिलं, भेटीच्या तारखा दिल्या. पहिलं बर्फ पडलं त्या सकाळी नोबुए फावडं ढकलत वर गेली.

"हे घ्या. उसनं देतेय."

"मला रेटवत नाही गं."

"तुम्ही खाली उभे राहायचं आणि ओरडायचं. रेटायला पोरं येताहेत. बर्फ गेलं की परत आणून द्या, माझी वस्तू आहे."

शोझोसाननी फावड्याची मूठ धरली. तिसऱ्या आग्रहाची वाटही पाहिली नाही.

मिहोने मग वर्गात एक गोष्ट वाढवली. आपल्या भागात माणूस घाईघाईने वस्तू परत करायला लागला, तर वाहवा करण्याआधी त्याला बसवा आणि विचारा. गावाने हे इतकं मनावर घेतलं की त्या हिवाळ्यात कुणाचं साधं झाकण परत करायची सोय राहिली नाही. भटजी बिचारे इनेकोची किसणी द्यायला गेले, तर तिने त्यांना हाताला धरून बसवलं, दोन तास ऐकलं आणि मगच सोडलं. भटजींना सांगण्यासारखं काही नव्हतं, तरी ते दुसऱ्या दिवशी पुन्हा आले.

सगळेच दिवस काही हसण्याचे नव्हते. जानेवारीत शोझोसान सलग दोन मंगळवार चहाला आले नाहीत, तेव्हा नोबुए मिहोला घेऊन वर गेली आणि दार उघडेपर्यंत हाका मारत राहिली. त्यांनी दार उघडलं. तेवढं त्या दिवशी पुरेसं होतं.

एप्रिल आला. ओढ्याकाठी शेवटच्या बर्फातून फुकी या रानभाजीचे हिरवे कोंब वर आले, गावभर त्यांच्या चटणीचा वास सुटला. तोही सरला, आणि एका मंगळवारच्या चहाला इनेको फणफणत आली.

"शोझोसानना काही रीतभात राहिलेली नाही! माझं पातेलं नेऊन महिना झाला. मागितलं तर म्हणाले, बघू. बघू म्हणजे काय?"

शोझोसान कोपऱ्यात लोणचं चावत होते. त्यांनी तिकडे ढुंकून पाहिलं नाही.

"आणि माझं फावडं?" नोबुए म्हणाली. "बर्फ कधीच गेलं."

"अजून लागेल," ते म्हणाले.

"मे लागला, शोझोसान. आता कशाला लागेल?"

"पुढच्या हिवाळ्याला." त्यांनी लोणच्याची आणखी एक चकती उचलली. "का? तुला घाई आहे?"

नोबुएने किटली उचलली आणि त्यांच्या पेल्यात सांडेपर्यंत चहा ओतला.

"नाही हो," ती म्हणाली. "मला कसली घाई? ठेवा तुमच्याकडेच."