दोघांचं ताट एकच

संप मोडला, कुशाबाची गिरणीतली नोकरी गेली, तेव्हा कौसल्येनं डिलाईल रोडच्या खोलीत खानावळ काढली. पंचवीस वर्षं तिनं माणसं जेवू घातली. कोणाला काय पचतं, काय बाधतं, तिला तोंडपाठ असायचं. म्हणूनच करोनानंतर दोन वर्षांनी नवऱ्याला जे झालं, त्यानं ती चक्रावली.

कुशाबाच्या पायातली चप्पल निसटायची आणि त्याला पत्ताच नसायचा. चालताना झोक जायचा. रक्त कमी म्हणून चार महिने लोहाच्या गोळ्या झाल्या, तरी रक्त वाढेना.

"वय झाला गो," तो म्हणायचा.

"माझं नाही झालं? ताट दोघांचं एकच. मग माझे पाय धड कसे?"

हा प्रश्न तिला स्वस्थ बसू देईना. हे खातात आणि मी खात नाही, असं घरात आहे तरी काय? आठवडाभर तिनं त्याच्यावर नजर ठेवली. सापडली ती झिंकची गोळी. करोनात पंधरा दिवसांपुरती लिहून दिलेली. कुशाबानं ती ताकदीची म्हणून चालूच ठेवली होती, वर एकाच्या दोन केल्या होत्या.

तिनं ते पाकीट परळच्या हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंपुढे ठेवलं.

"काका, हे सांगितलं नाहीत कधी?"

"ह्या काय औषध आसा?" कुशाबा म्हणाला.

रक्त तपासलं, तर त्यात तांबं अगदीच कमी.

"अंगात तांबं असतं?" कौसल्येचे डोळे मोठे झाले.

"असतं ना, किंचित. रक्त बनायला, नसांना लागतं. झिंक फार झालं की आतडं तांब्याला अडवून ठेवतं, पुढे जाऊ देत नाही."

"मग तांब्याच्या कळशीतलं पाणी पाजू?"

बाई हसल्या. "त्यातून किती उतरतं, कुणी मोजलंय? मी मोजून गोळी देते. झिंक बंद. जेवणात तीळ, काजू, खेकडे असू देत. लागतं तेवढं झिंक तुमच्या डाळीत-मासळीत आहेच."

तीन महिन्यांत रक्त भरलं. पाय मात्र सावकाश सुधारले. डाव्या पायाची बोटं बधिर ती बधिरच राहिली. पण कुशाबा आता काठी टेकत एकटा चिंचपोकळीपर्यंत जाऊन येतो.

आणि कौसल्या? परवा ती शेजारच्या पुतळाबाईंच्या दारात उभी होती.

"गोळ्यांचा डबा दाखवा बघू. कुठली गोळी कशाची, ते मला कळू दे."