सभा रद्द, सगळे हजर

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. सध्या माझ्या डोक्यावर कुरडयांचा डबा आहे आणि अंगावर जुनं लुगडं, त्यामुळे मला ओळखायला तुम्हाला जरा वेळ लागेल. पण एके काळी मी कामगार संघटनेचा संगणक होतो आणि शनिशिंगणापुरात माझ्या पाया पडणारी माणसं होती. खोटं वाटत असेल तर ज्ञानेश्वरीवहिनींना विचारा.

माझी पहिली आठवण पुण्याच्या एका कचेरीतली आहे. तिथे थंडगार खोलीत बसून मी सहा वर्षं पत्रं छापली. साहेबसुद्धा चपला बाहेर काढून माझ्याजवळ येत. मग माझ्याहून चपळ संगणक आला आणि मी जिन्याखाली गेलो. १९९९च्या उन्हाळ्यात आदिनाथने मला तिथून उचललं, गोधडीत गुंडाळलं आणि दुधाच्या टेम्पोत कॅनांच्या मध्ये बसवून शनिशिंगणापुरात आपल्या घरी आणलं. वहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोने, मला हळदकुंकू लावलं. त्यातलं थोडं कुंकू फ्लॉपीच्या फटीत गेलं ते आजही तिथेच आहे.

आदिनाथ नगरच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात कामाला होता आणि तिथल्या संघटनेचा सचिवही होता. त्याची अडचण अशी, की कारखाना तीन पाळ्यांत चाले. एक पाळी आत, एक झोपेत, एक रस्त्यात. सगळे कामगार एका जागी कधी भेटतच नसत. घोडेगावच्या एसटीडी बूथवाल्याने त्याला सांगितलं, की आता टेलिफोनच्या तारेतून पत्रं जातात. संघटनेची एक पेटी उघडा, ज्याला जेव्हा सवड होईल तेव्हा तो वाचेल.

पेटी उघडताना बूथवाल्याने विचारलं, “पासवर्ड काय ठेवू?”

“ते काय असतं?” आदिनाथ म्हणाला.

“कुलूप समजा.”

“मग नगं. आमच्या गावात कुलूप लावीत न्हाईत.”

खरंच होतं ते. आदिनाथच्या घराला चौकट होती, पडदा होता, दार नव्हतं, आणि गावात कुणाच्याच घराला नव्हतं. पण पेटी कुलपाशिवाय उघडेना. शेवटी गावाचंच नाव पासवर्ड ठेवलं आणि कुणाची गैरसोय नको म्हणून आदिनाथने ते चुन्याने मोठ्या इंग्रजी अक्षरांत घराच्या बाहेरच्या भिंतीवर लिहून टाकलं.

मग काय विचारता! कुणी बूथवरून, कुणी नगरच्या सायबर कॅफेतून, कुणी माझ्यासमोर बसून, सगळे एकाच पेटीतून त्याच पेटीला पत्रं पाठवू लागले. वहिनी टायपिंगची परीक्षा पास होत्या. लोक सांगत आणि त्या इंग्रजी अक्षरांत मराठी बडवत. सोपानची म्हैस विकायची होती, हे मी अकरा वेळा कळवलं. एक जण रोज सकाळी नुसतं ‘शुभ सकाळ’ लिही आणि दुपारी पुन्हा तेच लिही. एकदा शेजारची शेळी पडदा सारून आत आली, तिने टेलिफोनची तार चघळली आणि संघटना तीन दिवस बंद पडली. तरी मला मोठा अभिमान वाटे. पुण्यात मी फक्त कागद छापले होते. इथे माणसं माझ्यापाशी मन मोकळं करत होती.

त्या सगळ्या गर्दीत भीमराज नावाचा कामगार रोज एकच ओळ लिही: प्रेस नंबर चारला गार्ड नाही, कुणाचा तरी हात जाईल. प्रेस म्हणजे पत्रा दाबून कापणारं यंत्र, आणि गार्ड म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून त्यापुढे बसवायची जाळी. लोक कंटाळले. “ह्याचं आपलं रोजचंच गाऱ्हाणं,” असं म्हणून पुढे जात. मीही कंटाळलो होतो, हे कबूल करतो. त्याची मला आज लाज वाटते.

श्रावणात कानिफनाथची दोन बोटं त्याच प्रेसमध्ये गेली. भीमराजने धावत जाऊन मशीन बंद केलं आणि गार्ड बसेपर्यंत चालू करणार नाही म्हणून तिथेच बसला. आठवड्यात त्याच्या हातात पत्र पडलं: उत्पादन बंद पाडल्याबद्दल कामावरून कमी. पर्सनल ऑफिसर रंगनाथ साहेबांनी वर अहवाल पाठवला, की गार्ड नसल्याची तक्रार कंपनीकडे कधी आलीच नाही.

आणि मित्रांनो, कागदोपत्री ते खरं होतं! सत्तेचाळीस वेळा लिहिलेली तक्रार आम्ही आमच्या आम्हालाच पाठवली होती. कंपनीला एक चिठ्ठीसुद्धा कुणी दिली नव्हती. आदिनाथ माझ्यासमोर डोक्याला हात लावून बसला.

सोमवारी पुण्याहून मोठे साहेब येणार होते. त्यांच्यापुढे गेटवर सभा घ्यायची आणि भीमराजला परत घ्या म्हणून सांगायचं ठरलं. मी पत्रांवर पत्रं पाठवली. येतो म्हणणारे भरले साठ. बाकीच्यांनी ‘बघू’ लिहिलं. सोपानने म्हैस विकल्याचं कळवलं.

शनिवारी सकाळी पेटीत एक पत्र आलं: ‘सोमवारची सभा रद्द. कुणीही येऊ नये. आपला, आदिनाथ.’ मी ते पाहिलं, पण मला तोंड कुठे होतं?

रविवारी उजाडताच पडदा सरकला आणि भीमराजची आई चांगुणाबाई आत आली.

“आदिनाथ, माझ्या लेकाची सभा मोडलीस व्हय रं? कुनाला भ्यालास?”

“मी न्हाई मोडली, मावशी!”

“मंग ह्या खोक्यात कसं आलं?”

तिच्या मागून सोपान आला. त्याच्या मागून पहिली पाळी, मग दुसरी पाळी, मग तिसरी, डोळे चोळत. सभेला ‘बघू’ म्हणणारे सगळे भांडायला मात्र आले, आणि भांडण एकट्याने काय करायचं म्हणून घरच्यांनाही घेऊन आले. माझ्यावर कुणाचा भरवसाच नव्हता. खोक्याच्या काचेवर दिसलं म्हणून काय झालं, आदिनाथच्या तोंडून ऐकू, असं प्रत्येकाचं म्हणणं. दहा वाजेपर्यंत गल्लीत तीनशे माणूस झालं. दर्शनाला आलेले परगावचे लोकही रांग समजून मागे उभे राहिले. माझ्या दोन महिन्यांच्या निरोपांनी जमली नव्हती एवढी माणसं त्या एका खोट्या निरोपाने जमवली.

वहिनींनी चष्मा लावून पत्रावरची वेळ वाचली. “शनिवार, अकरा वीस. तेव्हा तर हे कामावर हुते!” म्हणजे पत्र दुसऱ्याच कुणीतरी टाकलं होतं. मग तिथल्या तिथे ठरलं, की उद्या सगळ्यांनी गेटवर जायचं.

गेटवरचं मी पाहिलेलं नाही, पण वहिनींनी ते इतक्या वेळा सांगितलं की माझं पाठ झालं आहे. आदिनाथ पुण्याच्या साहेबांना म्हणाला, “साहेब, माझ्या नावानं सभा रद्द केली तवा मी तुमच्याच मशीनवर हुतो. माझं हजेरीचं कार्ड तुमच्याच घड्याळानं टोचलंय. मंग लिवलं कुनी?”

मोठ्या साहेबांनी रंगनाथ साहेबांकडे पाहिलं. रंगनाथ साहेब शनीच्या दर्शनाला आले असताना त्यांनी आदिनाथची भिंत वाचली होती. ते घाईघाईने म्हणाले, “मी काही लिहिलेलं नाही, सर! मी जूनपासून फक्त वाचतोय!”

मग चांगुणाबाई पुढे झाली.

“जूनपासनं वाचताय? मंग माझ्या पोरानं रोज लिवलेलं गार्डाचं वाचलंच असंल की. आन तक्रार आलीच न्हाई म्हनता?”

आधी मागचे हसले, मग पुढचे हसले, आणि वॉचमन तोंड फिरवून हसला. मोठे साहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी प्रेस नंबर चार कुठे आहे ते विचारलं आणि भीमराजला सोबत घेऊन आत गेले. आठवड्यात जाळी बसली, भीमराजला परत घेतल्याचं पत्र आलं आणि रंगनाथ साहेबांची बदली झाली. ते खोटं पत्र आपणच टाकल्याचं त्यांनी कधी कबूल केलं नाही, पण नंतर तसलं पत्र पुन्हा आलं नाही.

पत्र मिळालं त्या दुपारी भीमराज माझ्यासमोर येऊन बसला. एका बोटाने शोधत शोधत त्याने टाईप केलं: ‘उद्यापासून पहिली पाळी. येतो.’ मला वाटलं, आता ही बातमी पोचवायचा मान माझा. तर तो उठला, सायकलवर बसला आणि हीच बातमी सांगायला प्रत्येकाच्या घरी गेला. सगळ्यात आधी कानिफनाथकडे.

मित्रांनो, तुमच्या हातात आता माझी चपळ नातवंडं आहेत. त्यांना जपा, धूळ बसू देऊ नका, जमलं तर माझ्यावरचा हा कुरडयांचा डबाही जरा बाजूला करा. पण कुणी रोज तीच ती ओळ लिहीत असेल, तर कंटाळून पुढे जाऊ नका. उठा आणि त्याच्या घरी जाऊन या. मी ती ओळ सत्तेचाळीस वेळा पोचवली, पण मला पाय नव्हते, आणि ज्यांना पाय होते ते कानिफनाथची बोटं गेल्यावर उठले.