सहा नंबरचा मामा

"मान खाली ठेवा आणि पेशंटच्या घरच्यांशी जास्त बोलू नका," असं म्हणत सकीना सिस्टरने खाकी शर्ट जयरामच्या हातात कोंबला. "आजपासून तुम्ही मामा."

दवाखान्यात वॉर्डबॉयला नाव नसतं. पोराटोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे त्याला मामा म्हणतात, आणि मामाचं नाव विचारावं असं आजवर कुणाच्या डोक्यात आलेलं नाही. सकीनाची सगळी भिस्त त्यावरच होती.

सहा नंबरच्या खाटेवर ललित होता. एड्स झालेला. अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. त्या दुखण्याचं नाव काढलं की शहाणीसुरती माणसंही चार हात लांब सरकत. डॉक्टर पायाशी उभे राहूनच बघून जात. खरा मामा, गोटीराम, "मला पोरंबाळं हायेत, सिस्टर" म्हणून रजेवर पळाला होता. आणि अंग पुसायचं, कूस बदलायची, तर दोन माणसं लागतातच.

दुसरं माणूस बाहेर झाडाखाली बसून होतं. जयराम आणि ललित एकलहऱ्याला वीज केंद्रात कामाला होते आणि कित्येक वर्षं नाशिकरोडला एका खोलीत राहत होते. शेजारी तोंडावर त्यांना दोस्त म्हणत, पाठ फिरली की भलतंच काही. ललितला दवाखान्यात आणलं जयरामनेच. पण दुसऱ्या दिवशी कळवणहून भाऊ, देवराम, आला आणि त्याने वॉचमनला बजावलं, "जयराम नावाचा कोनी आला तर तंगडं तोडा त्याचं. त्यानंच नासवला माझा भाऊ." नाव त्याला पाठ होतं, तोंड मात्र त्याने कधी पाहिलेलं नव्हतं.

सकीनालाही सुरुवातीला शिसारी आली होती. तौबा, दोन पुरुष म्हणे! पण ललितला आणलं त्याच दिवशी तिने जयरामला ललितची घाण काढताना पाहिलं, नाकाला रुमालही न लावता. इतकी सेवा लग्नाच्या बायकाही करत नाहीत, हे वॉर्डात केस पिकवलेल्या तिला ठाऊक होतं. उघडकीला आलं असतं तर तिची नोकरीच जायची. तरी तिने शर्ट दिला.

देवराम दारापर्यंतच यायचा. आई भागीबाई, तिलाही त्याने आत सोडलं नव्हतं. "मामा, बसवा त्याला जरा," तिथूनच हुकूम सुटायचा. जयराम बसवायचा. ललित डोळे मिटून त्याच्या खांद्यावर डोकं टेकवायचा, आणि इकडे सकीनाचा जीव टांगणीला लागायचा.

शुक्रवारी दुपारी ललितला घरघर लागली. सकीनाने ओळखलं.

"आईला आत येऊ द्या," ती देवरामला म्हणाली.

"नाय. तिला काय झालं तर? घरी लहान लेकरं हायेत."

"अहो, हात लावून नाही होत हा रोग. मी रोज लावते."

देवराम हटेना. भागीबाई दारातच टाहो फोडत होती, "निदान तोंडात पानी तरी घाला रे कोनी माझ्या लेकराच्या."

देवराम घुटमळला. मग त्याने पेला जमिनीवर ठेवून आत सरकवला. "मामा, तुमीच पाजा."

जयरामने चमच्याने पाणी घातलं. ते ओठांच्या कडेने ओघळलं, त्याने तळहाताने पुसलं. मग हात गालावरच राहिला, मामाचा हात राहू नये इतका वेळ. सकीना पुढे झाली आणि दाराच्या बाजूने आडवी उभी राहिली. तेवढ्यात ललित गेला.

"मामा," दारातून भागीबाई म्हणाली, "नाव काय वो तुमचं? लय केलंत. देवापुढं घेईन मी."

जयरामचे ओठ हलले. लेकाचं माणूस कोण ते म्हातारीला एका शब्दात कळलं असतं, आणि मग देवरामने त्याला प्रेताला हातही लावू दिला नसता.

"मामाच म्हणा, आई," तो म्हणाला.

प्रेत टेम्पोत चढवताना डोक्याकडची बाजू जयरामने धरली. देवराम हमसून हमसून रडत होता, त्याला मोकळीक होती. पेशंटसाठी मामा रडत नसतात. "आत्ता नाही," सकीना पुटपुटली. "गाडी जाऊ द्या."

टेम्पो दिंडोरी रोडकडे निघून गेला.

"आता रडा. इथं कोणी नाही."

त्याला रडू येईना. तो वॉर्डात परतला आणि सहा नंबरची चादर काढू लागला.

"ती ब्लीचिंगच्या बादलीत टाकायची असते," सकीना मागून म्हणाली.

"माहितीये, सिस्टर."

तरी त्याने त्या मळक्या चादरीचं टोकाला टोक जुळवलं आणि घरी घालावी तशी तिची घडी घातली.