वळणातली गाडी

आमचे हे पडले, तेव्हा त्यांची छोटी आगगाडी वळणात होती. मागच्या खोलीत दाराएवढ्या फळीवर त्यांनी रूळ मांडले होते. एका टोकाला स्टेशन, दुसऱ्या टोकाला गोल वळसा. गाडीने जायचं, वळसा घालून त्याच रुळांवरून परत यायचं. त्या दिवशी धावपळीत मीच प्लग उपटला आणि गाडी तिथेच राहिली. ह्यांची उजवी बाजू गेली, वाचा गेली, डावा हातही उचलेना. खाट त्या खोलीत हलवली, तर नजर सारखी त्या गाडीवर.

चाळीस वर्षं मी त्या फळीला नावं ठेवली. शिवणयंत्र मारून तीन लेकरं मोठी केली मी, मला कसला आलाय खेळ! पण डॉक्टर म्हणाले, दिवस थोडे आहेत. तेव्हा ठरवलं, ती गाडी ह्यांच्या डोळ्यांदेखत स्टेशनात आणायची.

"उचलून ठेवा ना," सून म्हणाली.

"उचलून ठेवलेल्या गाडीला आली म्हणतात का गं?"

यंत्र अडलं की तेल घालायचं, एवढं मला ठाऊक. रुळांना शिवणयंत्राचं तेल चोळलं आणि प्लग लावला. इंजिनाचा दिवा लुकलुकला, चाकं जागीच फिरली, मग सगळंच बंद. ह्यांनी डोळे मिटून घेतले. माझ्या टोमण्यांनी कधी मिटले नव्हते.

शेवटी ह्यांच्या मित्राला, घड्याळजींना, बोलावलं. त्यांनी रुळावरून बोट फिरवलं.

"वहिनी, वेणी घालायची होती का रुळांची?"

"चेष्टा पुरे, भाऊजी. चौथी नापास बाई आहे, समजेल असं सांगा."

"रुळातली वीज चाकातून इंजिनात जाते. मधे तेल आलं की इंजिन उपाशी."

दोन दिवस स्पिरिटच्या बोळ्याने वीत वीत रूळ पुसला. मग घड्याळजींनी वळणाची मेख सांगितली.

"वळसा घालून आलं की डावा रूळ उजव्याला भिडतो. एकात जाणारी वीज, दुसऱ्यात येणारी; दोन्ही भिडल्या की सगळं बंद. म्हणून इथे रूळ कापून फट ठेवलीय. गाडी वळणात आहे तोवर बाहेरच्या रुळांचं हे बटण उलटं करायचं. विसरलात, तर फटीवर गाडी ठप्प आणि हा लाल दिवा."

"म्हणजे सुलटी बाही जोडायला आधी सदरा उलटा करायचा."

"अगदी तसंच!" त्यांनी कपाळाला हात लावला. "मला शिकायला महिना लागला होता."

माझ्या चुका ह्यांना दिसू नयेत म्हणून मधे चादर टांगली. ह्यांची गाडी बाजूला काढून त्यांच्याच एका जुन्या इंजिनावर हात बसवला. आधी बटण, मग वेगाची चकती. आठवडाभर तेवढंच. मग गाडी होती तिथेच परत ठेवली, घड्याळजींना निरोप धाडला आणि सकाळी चादर ओढून काढली.

"बघा हं," म्हटलं आणि चकती फिरवली. गाडी हलली. ह्यांचा चेहरा उजळला की काय, म्हणून मी तिकडेच बघत राहिले. बटण राहून गेलं. फटीवर गाडी ठप्प, लाल दिवा.

घड्याळजी पुढे सरसावले, पण मी त्यांना हाताने अडवलं. खाटेवर ह्यांच्या डाव्या हाताचं बोट उचललं गेलं होतं. महिन्याभरात जे हललं नव्हतं ते बोट हळूहळू बटणाकडे वळलं. जणू म्हणत होते, अगं, ते.

"कळलं हो," मी म्हटलं आणि बटण उलटं केलं.

गाडी फट ओलांडून स्टेशनात येऊन उभी राहिली. ह्यांनी ती डोळे भरून पाहिली. बोट मात्र पुन्हा हललं नाही. तिसऱ्या दिवशी हे गेले.

सून म्हणते, फळी आवरू या. मी आवरू देत नाही. हात आता इतका बसलाय की डोळे मिटूनही बटण चुकत नाही. तरी कधी कधी मी ते मुद्दाम उलटं करत नाही. गाडी फटीवर थांबते, लाल दिवा लागतो. मी चकतीवरचा हात काढते आणि रिकाम्या खाटेकडे बघत बसते.