चटणीवर आळ

कानडी मुलखातल्या, बनशंकरीकडच्या त्या मेडिकल कॉलेजात विष घेतलेल्या पेशंटला कसं वागवायचं हे कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नव्हतं, तरी सगळ्यांना पाठ होतं. पोट धुवायला सगळ्यात जाड नळी घ्यायची. धुताना आयांपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत ज्याला सवड असेल त्याने चार शब्द सुनवायचे. "मरायचंच होतं तर आमच्याकडे कशाला आलीस?" हे वाक्य तर कॅज्युअल्टीच्या भिंतींनाही तोंडपाठ झालं असेल. एम.डी. करणारा बिंदुमाधव नव्या पोरांना समजावून सांगायचा, "जाड नळीने एकदा धुतलं की पुन्हा नाव काढत नाहीत." पुन्हा नाव काढत होते की नव्हते, हे बघायला तो कधी कुणाच्या घरी गेला नव्हता.

पद्मावतीला याची चीड यायची. ती चिकपेटेतल्या जुन्या मराठी कापडवाल्यांची मुलगी, घराण्यातली पहिली डॉक्टर, आणि आता हाउस सर्जन म्हणून राबत होती. एवढ्या वर्षांच्या शिक्षणात आत्महत्या हा शब्द तिला एकाच विषयात भेटला होता, न्यायवैद्यकात. आणि तिथे माणूस आधीच मेलेला असायचा. जिवंत माणसाशी काय बोलायचं, यावर कुणी एक तास घेतला नव्हता.

त्र्याण्णव सालच्या फेब्रुवारीत, भर दुपारी, हॉस्टेलच्या मुलींनी शाल्मलीला उचलून आणलं. शाल्मली दुसऱ्या वर्षाला होती, नागपूरची. नापास होऊन मागच्या बॅचमध्ये पडलेली. तिने काय घेतलं ते मुलींनी रडत रडत सांगितलं, आणि त्या दिवशी कॅज्युअल्टीचे सगळे रिवाज गुंडाळून ठेवले गेले. नळी बारीक आली. पडदे ओढले गेले. मेडिसिनचे प्रमुख डॉ. कृष्णमूर्ती जेवण टाकून धावत आले आणि शाल्मलीचा जीव वाचेपर्यंत हलले नाहीत. आपल्या माणसासाठी बारीक नळी होतीच म्हणायची, फक्त कपाटात होती.

जीव वाचल्यावर सरांनी स्वतःच्या हाताने निदान लिहिलं: कँटीनच्या चटणीतून विषबाधा.

त्यामागे सरांचा हेतू वाईट नव्हता, हीच तर पंचाईत. आत्महत्येचा प्रयत्न हा कायद्याने गुन्हा. पोलीस येणार, जबाब घेणार, नाव होणार, मग डॉक्टरकी कुठली आणि लग्न कुठलं. "आपली पोर आहे," सर सगळ्यांना म्हणाले. "तिच्याजवळ तो विषय कुणीही काढायचा नाही. विषय काढला की विचार डोक्यात येतो." जसा काही तो विचार त्या डोक्यात एकदा येऊन, पार आपलं काम उरकून गेला नव्हता! पण सगळ्यांनी माना डोलावल्या. पद्मानेही डोलावली.

एक खोटं निभावायला मग दहा लागतात ती लागली. चटणीने पोर आजारी पडली म्हटल्यावर कँटीनला कुलूप घालणं आलं. स्वयंपाकी गुंडू शपथा घेत राहिला आणि कामावरून गेला. नागपूरला वडिलांना फोन गेला की किरकोळ पोट बिघडलंय, यायची गरज नाही. वडिलांनी निरोप दिला, बाहेरचं खाऊ नकोस आणि या वेळी पेपर सोडव. वर्गातली मुलं हॉर्लिक्सची बाटली घेऊन यायची, खाटेशी उभी राहून गुंडूच्या चटणीला शिव्या घालायची आणि जायची. आणि जुलाबाचं निदान म्हणून नर्स थोड्या थोड्या वेळाने मीठ-साखरेचं पाणी आणून द्यायची. शाल्मली निमूटपणे प्यायची.

शनिवारी तिला घरी, म्हणजे हॉस्टेलच्या त्याच खोलीत, सोडायचं ठरलं. शुक्रवारी दुपारी पद्मा नाडी बघायला गेली तर शाल्मली भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"स्वल्प उठून बैस की गं," पद्मा म्हणाली. "जेवलीस?"

"ताई, त्या गुंडूला परत घेतलं का हो?"

"नाही अजून."

"त्याला लहान मुलं आहेत म्हणे. माझ्यामुळे त्याची रोजी गेली. माझ्यानं मरणंही धड झालं नाही, आणि वर हे करून बसले."

हे ती अगदी सपाट आवाजात बोलली. तिच्या तोंडात सरांनी घालून दिलेलं वाक्य तयार होतं, असं बोलू नये, अभ्यासाकडे लक्ष दे. ते तिने गिळलं. तिला सरांची भीती वाटत होती, स्वतःच्या अडाणीपणाची त्याहून जास्त. तिने खुर्ची ओढली.

"शाल्मली, अजून जीव द्यावासा वाटतो का?"

शाल्मलीने तिच्याकडे वळून पाहिलं. "हो," ती म्हणाली. "खोलीवर गेले की वाटेल. इथंही वाटतं." आणि मग ती बोलायला लागली ती थांबेचना. नापास झाल्यावर बापाने वर्षभर धरलेला अबोला, शवविच्छेदनाच्या टेबलाशी शिक्षकांनी सगळ्यांसमोर केलेली टिंगल, मराठी बोलायला कुणी नाही, झोप नाही. पद्माने काही उपाय सांगितला नाही. तिला येत नव्हता. ती ऐकत राहिली. शेवटी विचारलं, "मानसोपचाराच्या विद्याश्री मॅडमना दाखवूया? मी येते बरोबर. आणि तोवर एकटं राहायचं नाही. सरी, चालेल ना?"

"पण मला तर जुलाब आहेत ना," शाल्मली म्हणाली आणि रडली. इथे आल्यापासून पहिल्यांदा रडली.

पद्मा तडक सरांच्या खोलीत गेली.

"तू विचारलंस?" कृष्णमूर्ती सर ताडकन उभेच राहिले. तिने चुकीचं इंजेक्शन दिलं असतं तरी इतके हादरले नसते. "कुणाच्या परवानगीने? मी तिला पोलिसांपासून वाचवलंय, कळतंय का तुला?"

"कळतंय, सर. पण त्या खोलीपासून कोण वाचवणार?"

"मानसोपचारात पाठवू? तिकडे गेली की कॉलेजभर वेडी म्हणून बोभाटा होईल. तुझं हाउस सर्जनचं प्रमाणपत्र माझ्या सहीने निघतं, पद्मावती. उद्या डिस्चार्ज. आणि तू त्या खाटेपाशी फिरकायचं नाहीस."

आपण जीव वाचवतो म्हणून मिरवणारी ही माणसं! जीव रक्तात आणि श्वासात असेपर्यंत त्यांना तो दिसतो. बोलायला लागला की हे घाबरतात आणि घाबरले की धमकावतात. पद्मा बाहेर आली आणि सरळ मागच्या इमारतीत, शवागाराच्या वाटेवर ढकललेल्या मानसोपचार विभागात गेली. विद्याश्री मॅडम म्हणाल्या, "प्रमुखांनी बोलावल्याशिवाय मला त्यांच्या पेशंटला हात लावता येत नाही." मग म्हणाल्या, "पण पेशंटने स्वतः मागितलं, तर नाही म्हणायची कुणाची टाप नाही."

पद्माने तेवढा निरोप शाल्मलीला पोचवला. रात्रभर हॉस्टेलमधल्या एका मैत्रिणीला तिच्या खाटेशी झोपवलं. त्याहून जास्त तिच्या हातात नव्हतं.

शनिवारी सकाळी सर राउंडला आले. मागे बिंदुमाधव, मागे चौथ्या वर्षाची मुलं, आणि फिरकायचं नाही म्हटलेली पद्मा दारात. सरांनी खिशातून पेन काढलं, हसून विचारलं, "काय मग, जुलाब थांबले?"

शाल्मली उठून बसली. चादर तिने दोन्ही मुठींत धरली होती.

"सर, मला जुलाब झालेच नव्हते. चटणीत काही नव्हतं. मी मरायला निघाले होते." तिचा आवाज फाटला, पण ती थांबली नाही. "अजूनही मला तसं वाटतंय. मला विद्याश्री मॅडमना भेटायचंय."

मुलं आपापल्या वह्यांत बघू लागली. बिंदुमाधव खोकला. सरांनी पद्माकडे असं पाहिलं की आता प्रमाणपत्र गेलंच. मग ते शाल्मलीकडे वळले. तीस वर्षं त्यांनी पेशंटला काय विचारायचं हेच शिकवलं होतं. भूक, झोप, लघवी, घराण्यातले आजार, सगळ्याचा क्रम त्यांना पाठ. आता तोंडी परीक्षेत विचारतात तसा एकच शब्द आला.

"का?"

शाल्मलीने मान खाली घातली. तिच्या मुठी सुटल्या आणि ती पुन्हा भिंतीकडे वळू लागली. पद्माला दिसलं की आत्ता ही गप्प झाली तर परत बोलणार नाही.

"असं नाही, सर," पद्मा दारातूनच मोठ्याने म्हणाली. सगळ्यांनी माना वळवल्या. ती आत आली आणि कोपऱ्यातलं स्टूल तिने सरांपुढे आणून ठेवलं. "आधी बसा."

राउंडवर प्रमुख कधी बसत नसत. सर लालबुंद झाले. मग त्यांनी पेन खिशात घातलं आणि ते बसले.