सेहेचाळीस सह्या, एक अंगठा

फळ्यावर थापलेली माशांची आतडी राहीनं नारळाच्या सोडणानं खरवडून काढली, बादलीत फडकं बुडवलं आणि फळा वरपासून खालपर्यंत धुतला. ह्या आठवड्यातली ही तिसरी खेप. पहिल्या दिवशी तिला तिथंच उलटी झाली होती. आज तिनं पदर नाकाला लावला आणि काम उरकून टाकलं. माणूस तीन दिवसांत ह्यालाही सरावतं, ह्याचंच तिला अधिक वाईट वाटलं.

फळा शाळेच्या ओट्यावर, रस्त्याकडे तोंड करून टांगला होता. आगरदांड्याहून येणारी एसटी इथं वळण घ्यायची आणि कोळीवाड्यातून मुरुडच्या बाजाराला निघालेली प्रत्येक बाई त्याच्यासमोरून जायची. राहीनं तो तिथं टांगला होता तोही त्यासाठीच. फळा थोडा वाळल्यावर तिनं कालचाच मजकूर पुन्हा लिहायला घेतला.

‘शनिवार दि. २२ एप्रिल रोजी सकाळी नऊ वाजता वार्षिक निकाल. तपासणीचे साहेब येणार आहेत. पालकांनी यावे. सोमवारपासून उन्हाळ्याची सुट्टी. शाळा १२ जून रोजी उघडेल. जूनपासून पाचवीचा वर्ग सुरू होईल.’

शेवटच्या ओळीला खडू मोडला. ह्या एका ओळीसाठी शाळेची बाई म्हणून तिनं दोन वर्षं कचेरीत अर्जांवर अर्ज धाडले होते. चौथी झाली की इथल्या पोरींची शाळा संपायची. रोज मुरुडला कोण पाठवणार? फेब्रुवारीत मंजुरी आली तेव्हा वाड्यातल्या बायकांनी तिच्या खोलीवर इतकी मासळी आणून टाकली की आळीतल्या मांजरांची चंगळ झाली. आता त्याच वाड्यात तिला कुणी दोन मिरच्या द्यायला तयार नव्हतं. विहिरीवर ती गेली की बायका आपापले हंडे उचलून बाजूला होत. भांडणं तरी बरी, त्यांत निदान आपल्याशी कुणी बोलतं.

पाठीमागं पावलं वाजली. डोक्यावर पाटी घेऊन आवडाबाई चालली होती. तिची केसर चौथीत, वर्गात सगळ्यांत हुशार.

“आवडाबाई, शनिवारी केसरला घेऊन याल ना?”

आवडाबाई थांबली नाही. तिनं मानही वळवली नाही. पाटीतून गळणाऱ्या पाण्याची ओळ तेवढी रस्त्यावर राहिली.

शुक्रवारी दुपारी तुकाराम पाटील आले. वाड्याचे म्हातारे पाटील, दोन होड्यांचे धनी. एरवी ओट्यावर बसून चहा घेणारे. आज पायरीखालीच उभे राहिले.

“उद्या साहेब येतात ना, बाई?”

“येणार आहेत. वर या ना.”

“नको. आमाला त्यांना अर्ज द्यायचाय. तुमच्या बदलीचा. सगल्या वाड्यानी सह्या केल्यात. मागून केला असा तुमी बोलाला नको, म्हनून तोंडावर सांगायला आलो.”

 राही पायरी उतरून खाली आली.

“दादा, माझी चूक झाली. मी वाड्यात येऊन सगळ्यांसमोर कबूल केलं.”

“कबूल करून पोट भरतं का? पावसात होड्या वर वडून ठेवल्या की तो सुका जवलाच आमचा सगला. आवडीच्या आठ पाट्या गेल्या. तिचा नवरा मुंबईला गोदीत. घरात दोन म्हाताऱ्या. काय खायाचा तिनं?”

पाटलांनी शाळेच्या दाराकडं बोट केलं.

“केसर बोललीवती ना तुमाला? भरती येते, आमाला सोडा, असा बोललीवती ना?”

“बोलली होती.”

“मग?”

 पाटील वळून चालू लागले.

राहीचं चुकलं होतं, हे सरळच सांगायला हवं. ती रोह्याकडच्या भातशेतीच्या गावातली. पाऊस तिला ढगांच्या रंगावरून कळायचा, समुद्र मात्र दोन वर्षं शेजारी राहूनही कळला नव्हता. वार्षिक परीक्षेला तिनं सोमवार धरला तो कॅलेंडर बघून. अवस उलटून दोनच दिवस झालेत, म्हणजे मोठं उधाण, हे त्यातल्या तारखेखाली बारीक अक्षरांत असतं. तिनं ते वाचलं नाही. उधाणाच्या दिवसांत वाड्यातले पुरुष समुद्रावर असतात आणि बायका मासळी घेऊन बाजारात. वाळूवर सुकायला पसरलेला जवळा, ती बारीक कोलंबी, राखायला फक्त पोरी. कावळे हाकायचे आणि भरती चढायच्या आत सगळा जवळा गोळा करून वर आणायचा, हे त्यांचं काम.

त्या सोमवारी पोरी राहीच्या वर्गात पेपर लिहीत होत्या. साडेबाराच्या सुमारास केसर उठून उभी राहिली. “बाई, भरती येते. जवला हाय खाली.” राहीला वाटलं, गणित अडलं म्हणून पोरगी निमित्त काढतेय. “पेपर पुरा कर आणि मग जा,” म्हणून तिनं दाराला कडी घातली. पोरींनी मान खाली घालून गणितं सोडवली. एक वाजता दार उघडलं तेव्हा वाळूचा पट्टा कुठं दिसतच नव्हता. सात घरांचा आठवड्याभराचा जवळा पाण्याबरोबर गेला होता आणि केसर काठावर उभी राहून रडत होती. त्या रडण्याचा आवाज राहीच्या कानातून अजून जात नव्हता.

शनिवारी सकाळी अख्खा वाडा आला. भांगाचे, अष्टमीच्या आसपासचे दिवस, पाण्याला ओढ नाही, त्यामुळं पुरुषही घरी होते. इतकी माणसं शाळेच्या अंगणात गेल्या वर्षीच्या संमेलनालाही नव्हती. आणि इतकी माणसं असून आवाज म्हणून नव्हता. साहेब टेबलामागं बसले, पांढरी टोपी काढून त्यांनी गुडघ्यावर ठेवली आणि अंगणाकडं एकवार बघितलं. बारा गावांच्या शाळा तपासलेला माणूस, काहीतरी बिनसल्याचा वास त्यांना आला असणार.

राहीनं निकाल वाचला. नाव घेतलं की पोर पुढं यायचं, कागद घ्यायचं आणि परत जायचं. टाळी एकही नाही. “इयत्ता चौथी. पहिला क्रमांक, केसर तुळशीराम कोळी.” राहीचा आवाज जरा चढला. चौथीला पहिल्या क्रमांकानं पास होणारी वाड्यातली ती पहिली मुलगी. साहेबांनी दोनदा टाळ्या वाजवल्या, कुणी साथ देत नाही हे बघून हात खाली घेतले. केसरनं कंपासपेटी घेतली. तिनं बाईंच्या तोंडाकडं बघितलं नाही. ते मात्र राहीला लागलं. बाकी सगळं तिनं सोसलं असतं.

मग तुकाराम पाटील उठले आणि त्यांनी अर्ज टेबलावर ठेवला.

साहेबांनी तो वाचला, उलटा केला, पुन्हा सरळ केला. “ह्या सह्या ज्याच्या त्यानं केल्यात?”

“व्हय,” बायका एकदम बोलल्या. त्या ‘व्हय’मध्ये जरा ताठाही होता.

साहेब राहीकडं झुकले आणि आवाज उतरवून म्हणाले, “तुम्ही ह्यांना लिहायला शिकवलंत, आणि ह्यांनी एकजुटीनं पहिल्यांदा काय लिहिलं तर हे. वाचा.”

कागद हातात आल्यावर राहीनं मजकूर वाचलाच नाही. तिची नजर खाली सह्यांवर गेली आणि तिथंच अडकली. थंडीत साक्षरतेच्या मोहिमेत ती दिवेलागणीला ह्याच ओट्यावर वर्ग घ्यायची. दिवसभर मासे चिरून आलेल्या बायका. पाटीवर अक्षर धरेना. तेव्हा तिनं सांगितलं होतं, आधी दोरी बांधा, मग बोंबील टांगा. बायका हसल्या होत्या आणि त्यांना ते चटकन जमलं होतं. आधी एक लांब रेघ, मग तिच्याखाली एकेक अक्षर. अर्जावरची प्रत्येक सही तशीच होती. नाव संपलं तरी रेघ पुढं बोटभर गेलेली. नीराबाई. ठमाबाई. नलू. ती एकेकीचा हात ओळखत होती. तिला अभिमान वाटला आणि त्याच क्षणी रडूही आलं, दोन्ही एकदम.

पहिल्याच दिवशी ती त्यांना आणखी एक बोलली होती. अंगठा दुसरा कुणीही धरून उमटवतो. सही म्हणजे आपला शब्द. जे पटलं त्याच्याच खाली करायची.

सेहेचाळीस सह्या होत्या. सगळ्यांत खाली, कोपऱ्यात, निळ्या शाईचा एक अंगठा होता. शेजारी पाटलांच्या अक्षरात: ‘आवडाबाई हिची निशाणी’.

राहीनं ते दोनदा वाचलं. आवडाबाई? जिनं सगळ्यांच्या आधी नाव लिहिलं ती? जी संक्रांतीला नवऱ्याला स्वतःच्या हातानं कार्ड लिहून, ते पेटीत टाकायच्या आधी बाईंना दाखवायला धावत आली होती ती?

तिनं मान वर केली. आवडाबाई शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून बसली होती. उजवा हात पदराखाली, मूठ घट्ट. ती राहीकडंच बघत होती. त्या नजरेत माया वगैरे काही नव्हती.

“असं बघा,” साहेब हळूच म्हणाले, “गाव एकमताचं असेल तर मी चौकशी लावत नाही, सरळ बदली करतो. एखादं माणूस जरी वेगळं बोललं तर चौकशी लावावी लागते. ह्या अंगठ्याचं काय? बाकी सगळ्या शिकल्या, ही कशी राहिली? ही तुमच्या वर्गाला नव्हती?”

एक शब्द पुरे होता. ही लिहू शकते, हिला विचारा, एवढं म्हटलं की बदली टळली असती. पण मग आवडाबाईला इथं, ह्या अंगणात, सगळ्यांदेखत उभं राहावं लागलं असतं. नवरा मुंबईला. मासळी मिळायची ती पाटलांच्याच होडीवरून. राहीनं बघितलं, तुकाराम पाटलांची मानही शेवटच्या रांगेकडं वळली होती.

“रोज येत नव्हती,” राही म्हणाली.

हे साफ खोटं होतं. आवडाबाईनं एक संध्याकाळ चुकवली नव्हती.

साहेबांनी खांदे उडवले. “बरं. खाली ‘वाचले’ लिहा आणि सही करा. हुकूम आठ दिवसांत येईल. सामान बांधायला लागलात तरी चालेल.”

राहीनं ‘वाचले’ लिहिलं आणि खाली सही केली.  माणसं जशी आली तशीच मुकाट्यानं उठून गेली. आवडाबाई केसरचा हात धरून सगळ्यांच्या आधी बाहेर पडली.

रात्री राहीनं ट्रंक भरली. फार काही नव्हतंच. तिला राग आला होता, वाड्याचा, साहेबांचा आणि सर्वांत जास्त स्वतःचा. एक कडी काढली असती तर हे काही घडलं नसतं. आणि तो अंगठा बघूनही आपण तोंड मिटलं, ह्याचं तिला बरं वाटत होतं की वाईट, ते तिला ठरवता येईना.

रविवारी सकाळी ती बादली आणि फडकं घेऊन ओट्यावर आली. जाईपर्यंत फळा तरी स्वच्छ ठेवायचा, असं तिनं ठरवलं होतं.

रस्त्यावर दोघी बाजाराच्या पाट्या डोक्यावर घेऊन उभ्या होत्या. फळ्याकडं बघत होत्या, ओठ हलवत. राहीला बघितल्यावर त्या काही न बोलता चालू लागल्या.

फळा कोरडा होता. सूचना होती तशीच होती, पाचवीच्या वर्गाच्या ओळीसकट. तिच्याखाली जी रिकामी जागा होती तिथं कुणीतरी ह्या काठापासून त्या काठापर्यंत एक लांब रेघ ओढली होती आणि रेघेखाली मोठाली अक्षरं टांगली होती:

‘पुनवेला अवसेला परीक्षा ठेवायची नाय. भांगात ठेवायची. जवला इसरले नाय. आवडाबाई तुळशीराम कोळी.’

राहीनं ते सावकाश वाचलं. रस्त्यावरून जाणारा प्रत्येक जण आता हे वाचू शकत होता. तुकाराम पाटील तर वाचणारच होते.

तिनं बादली खाली ठेवली. फळ्याच्या कडेला खडूचा तुकडा पडला होता, तो उचलला. आधी रेघ ओढली. मग तिच्याखाली ‘वाचले’ असं लिहिलं आणि सही केली.